सी कयाकच्या मागच्या कप्प्यात पाणी झिरपतंय, एअर बॅग टाकून भागेल का?

प्रश्न: सी कयाक (समुद्रात वल्हवायची अरुंद होडी) पॉलिएथिलीन प्लास्टिकची, बल्कहेड (कप्पे वेगळे करणाऱ्या आडव्या भिंती) फोमचे. तासाभरात मागच्या कप्प्यात २-३ लिटर पाणी जमतं. हॅचचं (कप्प्यात सामान टाकायच्या तोंडाचं) झाकण तर घट्ट बसतं. गळती कशी शोधायची? तोवर आत एअर बॅग (हवा भरून फुगवायची पिशवी) ठेवून पाण्यात उतरलं तर चालेल का?

उत्तर १: आधी बल्कहेड बघा. पॉलिएथिलीनला कुठलाच सीलंट जन्मभर धरत नाही. त्यात ऊन लागलं की हल (होडीचा सांगाडा) फुगतो, गार झाला की आकसतो, आणि फोमची कड सुटते. कप्प्यात १० लिटर पाणी ओता, मागचं टोक उचलून पाणी बल्कहेडवर टेकू द्या आणि कॉकपिटमधून (बसायच्या जागेतून) टॉर्चने कड न्याहाळा. सुटलेल्या जागी आधी बारीक ओली रेघ दिसते, मग थेंब. तिथे काही नाही दिसलं तर झाकण लावून कयाक पालथी करा; हॅचची रिम (तोंडाची कड), डेकवरचे (वरच्या पृष्ठभागावरचे) बोल्ट, स्केगची (मागे तळातून खाली सोडायच्या पात्याची) पेटी, सगळं तपासा.

जुना सीलंट पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन सीलंटची जाड रेघ ओढा. सिलिकॉन कृपा करून नको. त्याचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

उत्तर २: बल्कहेडच्या वरच्या भागात १-२ मिलिमीटरचं भोक असेल तर ते बुजवू नका, मुद्दाम ठेवलेलं असतं. उन्हात तापलेली कयाक गार पाण्यात गेली की कप्प्यातली हवा आकसते. भोक नसेल तर झाकण आत ओढलं जातं आणि रिममधून पाणी शोषलं जातं.

उत्तर ३: एअर बॅग जरूर ठेवा, बल्कहेड धड असला तरी. १० लिटर म्हणजे १० किलोहून थोडं जास्तच, आणि ते वजन कयाक कलेल त्याच बाजूला धावतं. झाकणच निघालं आणि कप्पा पूर्ण भरला तर कयाक उभी राहते, नाक तेवढं वर. मग कॉकपिट रिकामं करणं सोडाच, परत चढताही येत नाही. म्हणून झाकणाला दोरी हवीच.

बॅग निमुळती, टोकापर्यंत जाणारी घ्या आणि बांधून ठेवा. किनाऱ्यावर उन्हात गच्च फुगवू नका, शिवण फाटते. पाण्यात गार झाल्यावर उरलेली हवा भरा. मग कमरेएवढ्या पाण्यात, जोडीला कुणी असताना, मागचं हॅच उघडून कप्पा भरू द्या आणि बसून वल्हवून पाहा. मागचं डेक बुडत असेल तर बॅग अपुरी आहे.