मदत हवी आहे: एनव्हीडियाचा ड्रायव्हर काढला, पण नूवो (कर्नलमधला खुला ड्रायव्हर) चालूच होत नाही (जीटी ७३०, मिंट २२)

उद्यमनगर_ड्राफ्टर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नच्या (ओतकामाच्या नमुन्यांच्या) वर्कशॉपमधलं मशीन आहे. चौथ्या पिढीचा आय५, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, जीटी ७३० कार्ड (२ जीबी, डीडीआर३), लिनक्स मिंट २२ सिनॅमन. दोन मॉनिटर लागतात: एकावर फ्रीकॅडमध्ये पॅटर्न आणि कोअर बॉक्स, दुसऱ्यावर फाउंड्रीकडून आलेलं ड्रॉइंग.

एनव्हीडियाचा ४७० ड्रायव्हर साइटवरच्या .रन फाइलमधून टाकलेला होता. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं आणि स्क्रीन काळी. ग्रबमध्ये (बूट मेनूत) 'नोमोडसेट' टाकून कसंबसं आत शिरलो, एपीटीने (मिंटच्या पॅकेज मॅनेजरने) एनव्हीडियाची सगळी पॅकेजेस पर्ज केली, रीबूट मारला.

आता डेस्कटॉप येतो, पण रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकलंय. दुसऱ्या मॉनिटरवर 'नो सिग्नल'. फ्रीकॅडमध्ये पार्ट फिरवला की सीपीयूचे चारही कोअर १०० टक्क्यांवर. 'जीएलएक्सइन्फो -बी' मध्ये रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दिसतो.

नूवो तर कर्नलमध्येच असतो ना? मग एनव्हीडियाचा बंद (सोर्स खुला नसलेला) ड्रायव्हर काढल्यावर तो आपोआप का येत नाही? फॉरमॅट न मारता जमेल का?

पंचगंगा_टर्मिनल

जमणार. एलएलव्हीएमपाइप म्हणजे कार्ड नुसतं बसून आहे आणि चित्र सीपीयू काढतोय. बूटच्या वेळी फर्मवेअरने जो फ्रेमबफर (चित्राची साधी मेमरी) दिला त्याच्यावरच डेस्कटॉप चाललाय. म्हणून रिझोल्यूशन बदलत नाही आणि दुसरा मॉनिटर पेटत नाही. नूवोला कुणीतरी अडवलंय. कुणी, ते बघायला चार गोष्टी इथं टाका:

१. 'एलएसपीसीआय -एनएनके' मधली व्हीजीएची ओळ आणि तिच्या खालच्या ओळी
२. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन'
३. 'ग्रेप -आर नूवो /इटीसी/मॉडप्रोब.डी /युएसआर/लिब/मॉडप्रोब.डी'
४. 'एलएस /इटीसी/एक्स११'

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाका, नाहीतर पुढचा धागा त्याचाच निघायचा.)

उद्यमनगर_ड्राफ्टर

१. चिप जीके२०८बी, जीफोर्स जीटी ७३०, आयडी १०डीई:१२८७. खाली 'कर्नल मॉड्यूल्स: एनव्हीडियाएफबी, नूवो' आहे. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही.
२. शेवटी 'क्वाएट स्प्लॅश नोमोडसेट'.
३. /इटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये 'एनव्हीडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नूवो.कॉन्फ' नावाची फाइल. आत दोन ओळी: 'ब्लॅकलिस्ट नूवो' आणि 'ऑप्शन्स नूवो मोडसेट=०'. हीच फाइल /युएसआर/लिब/मॉडप्रोब.डी मध्येही आहे.
४. एक्सऑर्ग.कॉन्फ आहे. उघडून बघितली, 'ड्रायव्हर "एनव्हीडिया"' असं लिहिलंय.

पंचगंगा_टर्मिनल

एका दाराला तीन कुलपं लागलीत राव. एक काढलं तरी उरलेली दोन दार उघडू देणार नाहीत. लोक इथंच फसतात: एक बदल करतात, रीबूट मारतात, काही फरक नाही म्हणून तो परत फिरवतात.

पहिलं कुलूप ब्लॅकलिस्ट. एकाच कार्डावर नूवो आणि एनव्हीडिया एकत्र बसू शकत नाहीत, म्हणून .रन इन्स्टॉलर नूवोला बंदी घालणारी फाइल लिहून ठेवतो. तुम्ही पर्ज केलं एपीटीने. पण .रनने टाकलेल्या फायली एपीटीच्या वहीत नोंदलेल्याच नसतात, तो त्यांना हात लावत नाही.

दुसरं नोमोडसेट. नूवोला स्क्रीनचा मोड कर्नलमधूनच लावावा लागतो आणि हा पर्याय नेमकं तेच बंद करतो. तो असेपर्यंत नूवो लोडच होणार नाही. एनव्हीडियाचा बंद ड्रायव्हर मात्र याच्यासकट चालतो, त्यामुळे ग्रबमध्ये तो पडून राहिला तरी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरं एक्सऑर्ग.कॉन्फ, म्हणजे एक्स या डिस्प्ले सर्व्हरच्या सेटिंगची फाइल. सध्या त्याचा त्रास दिसत नसेल, पण जो ड्रायव्हर मशीनवर नाही त्याचं नाव तिथं असेल तर एक्स सुरू होताना अडखळतो. आताच्या एक्सऑर्गला ही फाइल मुळात लागतच नाही.

आता क्रमाने करा. आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या. मग:

१. 'सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल'. ही कमांड सापडली नाही तर तीच जुनी .रन फाइल '--अनइन्स्टॉल' लावून चालवा. एक्सची जुनी कॉन्फिगरेशन परत आणू का असं विचारलं तर हो म्हणा.

२. डिसेबल-नूवोची फाइल दोन्ही ठिकाणी उरली असेल तर काढून टाका. मग वरचा ग्रेप पुन्हा मारा. नूवोसाठी ब्लॅकलिस्टची ओळ कुठंच दिसता कामा नये. नुसतं 'नूवो' नाव आलं म्हणून घाबरू नका, ओळ वाचा.

३. एक्सऑर्ग.कॉन्फला एक्सऑर्ग.कॉन्फ.जुनी असं नाव द्या. उडवू नका.

४. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडून 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' मधून नोमोडसेट काढा. त्याखालच्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स' मध्येही बघा, कधी कधी तिथं दडलेला असतो. मग 'सुडो अपडेट-ग्रब'.

५. 'सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल'. ही पायरी गाळू नका. मॉडप्रोब.डीची (मॉड्यूलच्या सेटिंगच्या फोल्डरची) एक प्रत इनिट्रॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलव्यवस्थेत, बांधलेली असते. फाइल डिस्कवरून गेली तरी बूटच्या सुरुवातीला जुनीच प्रत वाचली जाते.

रीबूट करा. काळी स्क्रीन आलीच तर ग्रब मेनूत ओळीवर 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. असा टाकलेला पर्याय त्या एका बूटपुरताच राहतो. खरं तर त्याचा वापर एवढाच.

उद्यमनगर_ड्राफ्टर

दादा, आलं! दोन्ही मॉनिटर १९२० × १०८० वर. 'ड्रायव्हर इन यूज: नूवो', रेंडरर 'एनव्ही१०६'. दुसऱ्या पायरीत /युएसआर/लिब मधली फाइल उरली होती, ती हाताने काढली.

पण फ्रीकॅड ४७० वर जसा पळायचा तसा पळत नाही. साधा पार्ट ठीक, पण ४०–५० पार्टची असेंब्ली फिरवली की अडखळतो. सीपीयू आता शांत आहे, म्हणजे काम कार्डच करतंय. मग मंद का?

पंचगंगा_टर्मिनल

कारण कार्ड अजून पहिल्या गिअरमध्ये आहे. नूवो क्लॉक आपणहून वाढवत नाही, बूटला जो मिळाला त्यावरच राहतो. तुमची चिप केप्लर पिढीची आहे हे नशीब, हिच्यात गिअर हाताने बदलता येतो.

'सुडो कॅट /सिस/कर्नल/डीबग/डीआरआय/०/पीस्टेट' करा. ०७, ०ए, ०एफ अशा गिअरच्या ओळी येतील, त्यातल्या सगळ्या प्रत्येक कार्डात असतीलच असं नाही. 'एसी'ने सुरू होणारी ओळ म्हणजे सध्याचा वेग. डीआरआय/० मध्ये पीस्टेट सापडलं नाही तर डीआरआय/१ बघा. बूटच्या सुरुवातीचा तात्पुरता ड्रायव्हर सिंपलडीआरएम शून्य नंबर पटकावतो, मग नूवोला एक मिळतो.

बदलायला: 'एको ०एफ | सुडो टी' आणि पुढे तोच पत्ता. आधी सगळ्या फायली सेव्ह करा, कारण मेमरीचा क्लॉक बदलताना मशीन जागीच गोठू शकतं. ०ए असेल तर आधी तो लावून बघा, मग ०एफ.

कार्ड पंख्याचं आहे का नुसत्या हीटसिंकचं? हीटसिंकचं असेल तर 'सेन्सर्स' मध्ये नूवोचं तापमान अर्धा तास काम करत बघा. बंद कॅबिनेट, वर एप्रिल-मे, आणि पॅटर्नशॉपमधला लाकडाचा भुसा हीटसिंकच्या पात्यांत. आधी ब्लोअर मारा.

आठवडाभर नीट चाललं तर कायमचं करायला ग्रबच्या त्याच ओळीत 'नूवो.कॉन्फिग=एनव्हीसीएलकेमोड=१५' टाका. १५ म्हणजे हेक्समधला ०एफ, तिथं दशमान आकडा लागतो. लगेच टाकू नका. गोठणारं सेटिंग कायमचं केलं तर दर बूटला गोठेल.

मिसळ_कट

मधे बोलतो, राग मानू नका. कॅडवर पोट असलेल्या मशीनला नूवोचं कौतुक कशाला? ४७० परत टाका, फक्त .रनने नको. .रनने मॉड्यूल बांधलं ते त्या दिवशीच्या कर्नलसाठी. डीकेएमएसमध्ये (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणारी व्यवस्था) नोंद नसेल तर कर्नल बदललं की नवं मॉड्यूल कुणी बांधतच नाही. काळी स्क्रीन त्यामुळेच आली.

मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून एनव्हीडिया-ड्रायव्हर-४७० निवडा, नाहीतर 'सुडो एपीटी इन्स्टॉल एनव्हीडिया-ड्रायव्हर-४७०'. चालू कर्नलचे लिनक्स-हेडर्स हवेत. झाल्यावर 'डीकेएमएस स्टेटस' बघा: त्याच कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं तरच रीबूट. नुसतं 'अ‍ॅडेड' असेल तर बांधणी फसलीय, कारण /व्हार/लिब/डीकेएमएस खालच्या मेक.लॉग मध्ये सापडेल.

'मोकयुटिल --एसबी-स्टेट' पण तपासा. सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड मागेल आणि रीबूटला निळा स्क्रीन येईल. तिथं 'एनरोल मॉक' करून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणून मॉड्यूल अडतं.

पंचगंगा_टर्मिनल

कृती बरोबर आहे, पण निम्मीच गोष्ट सांगितली भावा. ४७० ही केप्लरची शेवटची शाखा. एनव्हीडियाचा तिचा शेवटचा ड्रायव्हर ४७०.२५६.०२, जून २०२४ चा. पुढच्या प्रत्येक कर्नलला ते जुनं कोड जुळवून घ्यायचं काम डिस्ट्रोवाल्यांवर आहे. ते जोवर करतील तोवर ठीक. म्हणून ४७० ठेवायचा असेल तर कर्नल ६.८ च्या मालिकेवरच थांबा. अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'लिनक्स कर्नल्स' मध्ये बघा, आणि एक जुनं चालतं कर्नल कायम शिल्लक ठेवा.

आणि जीटी ७३० म्हटलं की आयडी बघितल्याशिवाय ड्रायव्हरचा आकडा सांगू नये. या एकाच नावाखाली दोन पिढ्या विकल्या गेल्या: जीके२०८ हा केप्लर, ३८४ कोअर, ६४ बिट बस, आणि जीएफ१०८ हा त्याआधीचा फर्मी, ९६ कोअर, १२८ बिट बस. खोक्यावर १२८ बिट बघून जुनाच माल चांगला वाटतो. १०डीई:०एफ०२ असा आयडी आला तर तो फर्मी. त्याला ४७० लागतच नाही, ३९० लागतो, आणि त्या शाखेचा पाठिंबा २०२२ अखेर संपला. त्या कार्डाला नवीन कर्नलवर नूवोच.

राजारामपुरी_लॅपटॉप

याच धाग्यात विचारतो. आरटीएक्स ३०५० चा लॅपटॉप, उबुंटू २४.०४. 'उबुंटू-ड्रायव्हर्स लिस्ट' मध्ये काही नावांच्या शेवटी '-ओपन' आहे. तोच नूवो का?

पंचगंगा_टर्मिनल

नाही. '-ओपन' म्हणजे एनव्हीडियाने मे २०२२ मध्ये खुलं केलेलं कर्नल मॉड्यूल. ओपनजीएल, व्हल्कन (चित्र काढायला), कुडा (कार्डावर गणितं चालवायला) हा वरचा सगळा भाग बंदच आहे. ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्या चिपलाच चालतं, तुमची त्यानंतरची अँपियर असल्याने चालेल. तेच घ्या.

नूवोचं म्हणाल तर जीटीएक्स ९०० पासून एनव्हीडिया सही केलेलं फर्मवेअर मागते, म्हणून त्या कार्डांवर वरची पीस्टेटची युक्ती चालत नाही. ट्युरिंगपासून क्लॉकचं काम कार्डावरचं जीएसपी फर्मवेअर बघतं आणि कर्नल ६.७ पासून नूवोला ते वापरता येतं. तुमच्या पिढीला उबुंटू २४.०४ च्या कर्नलवर 'नूवो.कॉन्फिग=एनव्हीजीएसपीआरएम=१' द्यावं लागतं. सोबत मेसा या खुल्या ग्राफिक्स संचातला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर. प्रयोग म्हणून छान, कुडा मिळणार नाही.

लॅपटॉपवर बॅटरीसाठीच बदल हवा असेल तर ड्रायव्हर काढूच नका. 'सुडो प्राइम-सिलेक्ट इंटेल' केलं की एनव्हीडिया बाजूला, 'ऑन-डिमांड' केलं की सांगाल तेवढ्याच प्रोग्रॅमला. रीबूट लागेल.

उद्यमनगर_ड्राफ्टर

०ए ची ओळ माझ्या कार्डात नव्हती, थेट ०एफ लावला. असेंब्ली आता हाताबरोबर फिरते. ४७० इतकी नाही, पण काम थांबत नाही. कार्ड हीटसिंकचं आहे. ब्लोअर मारल्यावर भुशाचा अक्षरशः गोळा निघाला. अर्ध्या तासाने तापमान ६४ अंशांवर स्थिर.

एक अडचण: मशीन सस्पेंड करून उठवलं की दुसरा मॉनिटर रेघा मारतो.

पंचगंगा_टर्मिनल

६४ काही जास्त नाही. सस्पेंडचं दुखणं नूवोत जुनंच आहे. पॉवर मॅनेजमेंटमध्ये सस्पेंड 'नेव्हर' करा, फक्त स्क्रीन बंद होऊ द्या. रेघा आल्याच तर कंट्रोल-आल्ट-एफ३ ने कन्सोलवर जाऊन एफ७ ने परत या, बऱ्याचदा तेवढ्यावर मोड नव्याने लागतो. आणि ती .रन फाइल डाउनलोड्समधून आजच उडवा.

उद्यमनगर_ड्राफ्टर

उडवली. सस्पेंड बंद केलं. एनव्हीसीएलकेमोड पुढच्या आठवड्यात टाकतो, तोवर रोज सकाळी हाताने ०एफ.