मदत हवी आहे : कूलरवाल्या घरात कोणता स्मोक डिटेक्टर लावू?

नागपूर, शेवटचा मजला, वर तापलेला स्लॅब. हॉलमध्ये बॅटरीवरचा ऑप्टिकल डिटेक्टर आहे. आतला उजेड धुराच्या कणांवर विखुरून सेन्सरवर पडला की वाजतो. पण सावजी मसाला भाजला की वाजतो आणि रात्री कूलरच्या दमट हवेतही बोंबलतो. जाळी ब्रशने झाडली, बॅटरी बदलली, किचनच्या दारापासून दहा फूट लांब नेला. फरक शून्य.

दुसरा, अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूने धूर ओळखणारा आयोनायझेशन प्रकार फोडणीच्या बारीक कणांना आणखी लवकर चिडतो, म्हणून तो नको. किचनसाठी ५७ अंशांना वाजणारा हीट डिटेक्टर पाहतोय. पण मे महिन्यात बाहेरच ४५, छताला चिकटून किती असेल? तिथे तो उगाच वाजेल का? आणि कूलर सुरू असलेल्या हॉलमध्ये ऑप्टिकल नेमका कुठे लावायचा?