मदत हवी आहे: जास्तीचं दूध दान करण्याबद्दल (डिचोली, गोवा)

नमस्कार मैत्रिणींनो. माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. ती पोटभर पिते, तरी दूध उरतं. दाटून दुखू लागलं की पिळून बेसिनमध्ये ओतावं लागतं आणि ते जिवावर येतं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना मिल्क बँकेतून असं दूध देतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात ही सोय 1989 पासून आहे. आईची एचआयव्ही, कावीळ बी वगैरे तपासणी करतात, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, मगच बाळाला पाजतात. दानाचे पैसे मिळत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

घरात मात्र दोन तट. सासूबाई म्हणतात, "लेकीच्या तोंडचं देऊ नको, आटेल." खरं तर जितकं काढावं तितकं येतं, हे त्यांना कोण सांगणार! गंमत म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराला शेजारणीनेच पाजलं होतं. नवऱ्याची हरकत नाही, पण त्याला दुधापेक्षा फ्रीझरमधल्या बांगडा माशांची काळजी जास्त.

गोव्यातून कोणी दान केलंय का? बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात (गोवा मेडिकल कॉलेज) की दुसरीकडे, आणि आधी कोणाशी बोलायचं? घरून गोठवलेलं घेतात की तिथेच जाऊन काढावं लागतं? आमच्याकडे पावसात वीज सारखी जाते, म्हणून विचारते. आणि सासूबाईंना कसं पटवलंत, तेही लिहा. "दुर्लक्ष कर" हा सल्ला नको, एकाच घरात राहतो आम्ही.