गोष्टीच्या शेवटी दरवेळी विठोबा येतो आणि सगळं ठीक होतं, मुलांना याच्या पुढे कसं न्यायचं?

माळशिरसची_बाई

नमस्कार मंडळी. मी माळशिरस तालुक्यात शाळेत मराठी शिकवते. सहा वर्षं झाली, तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी गोष्टी लिहितेय, बहुतेक भक्तीच्या आसपासच्याच, कारण आमच्याकडे माउलींची पालखी जवळून जाते, घराघरात कुणी ना कुणी माळकरी असतं, मुलं त्यातच वाढतात. यंदापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की लेखनाचा वर्ग पण घेते, अकरा मुलं येतात, घरून डबा घेऊन येतात इतकी हौस आहे.

अडचण अशी आहे की अकराच्या अकरा गोष्टींचा शेवट एकच. संकट येतं, मुलगा डोळे मिटून हात जोडतो, एक सावळा म्हातारा येतो, संकट टळतं, म्हातारा गायब. नववीतल्या एकाने लिहिलं की पाऊस नव्हता, वडिलांनी विठोबाला हाक मारली आणि रात्रीत पाऊस पडला. मला माहितीये की त्याच्या घरी त्या वर्षी बाजरीची दुबार पेरणी झाली होती आणि ती पण गेली. म्हणजे खरी गोष्ट त्याच्याकडे आहे पण तो ती लिहीत नाहीये. मी "असं खरंच झालं का रे" विचारलं तर तो एवढा घाबरला की मलाच वाईट वाटलं, त्याला वाटलं बाई देवाला खोटं म्हणतायत. मला श्रद्धेला हात लावायचा नाहीये, माझीही आहे. पण गोष्ट खरी कशी करून घ्यायची ते सांगा.

नीराकाठचा

ताई, आधी एक सांगतो, शेवट दुरुस्त करायला जाऊ नका. शेवटाला हात लावला की मुलाला वाटतं देवालाच हात लावला. सुरुवातीला दुसरंच काहीतरी मागा.

मी गावच्या वाचनालयात मुलांकडून लिहून घेतो तेव्हा पहिले दोन आठवडे गोष्टच लिहायची नाही असा नियम, फक्त वारीत डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट दहा ओळीत. "भक्तिमय वातावरण" हा शब्द बंद. एका मुलीने लिहिलं की आजीच्या तळपायाला फोड आला, तर शेजारच्या दिंडीतल्या मावशीने सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून, आणि आजी म्हणाली, आता उद्याचं उद्या. यात विठ्ठलाचं नाव एकदाही नाही पण वाचताना अंगावर काटा आला.

आणि समाजआरती. मुलांनी पाहिलीच असेल. मुक्कामाला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो, चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात हजारो टाळ बंद. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती वाजवतच राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन काय झालं ते ऐकून घेतात. मी मुलांना एवढंच देतो: चोप वर गेलाय, सगळे थांबलेत, तुझा एकट्याचा टाळ वाजतोय, का? तक्रार करायची सोय वारीतच आहे हो, ती बाहेरून आणावी लागत नाही. तुमच्या नववीतल्या पोराला हे द्या.

टाळकरी_घरचा

वरच्या दादांचं पटलं पण चमत्कार काढून टाका असं कुणी सांगू नका बरं का. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे. जनाबाईबरोबर विठोबा दळायला बसतो ना, पण पीठ आपोआप पडत नाही, जातं ओढावंच लागतं, देव येतो आणि खुंट्याला हात लावतो. म्हणून ती कथा सातशे वर्षं टिकली. मुलांना विचारा, तुझा म्हातारा आला तर तो हाताने काय काम करतो? आला आणि गायब झाला तर कथा लंगडी पडते.

आणि मुलं लहान आहेत, शंका कशाला, असं पालक म्हणतील तर त्यांना सांगा की ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०, आणि परंपरेने माउलींचं वय तेव्हा पंधरा. ताटी लावून बसलेल्या भावाला दार उघडायला लावणारी मुक्ताई तर त्याच्याहून धाकटी. आपल्याकडचं सगळं थोर लिखाण याच वयाच्या पोरांनी सुरू केलंय, तेही घरादाराला वाळीत टाकलेल्या पोरांनी.

नगरकर_संडेस्कूल

आमच्याकडे चर्चमध्ये हाच प्रश्न आहे म्हणून लिहितोय. मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी आठवी ते दहावीची मुलं असतात, त्यांच्या गोष्टीत शेवटी सगळ्यांचं मन पालटतं आणि सगळे प्रार्थना करतात. मी त्यांना बाबा पदमनजींच्या १८५७च्या 'यमुनापर्यटन'बद्दल सांगतो, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात आणि ती श्रद्धेतूनच लिहिलेली आहे. त्यात यमुना जागोजाग विधवांचे हाल बघत फिरते तो भाग आजही धरून ठेवतो आणि जिथे उपदेश सुरू होतो तिथे मुलं चुळबुळ करतात, मी हे वर्गात मोठ्याने वाचून पाहिलंय. मग मी काही बोलत नाही, फक्त विचारतो तू कुठे चुळबुळ केलीस तिथे पेन्सिलने खूण कर, मग तशीच खूण स्वतःच्या गोष्टीवर कर. मुलं स्वतःच दोन दोन परिच्छेद खोडतात.

माळशिरसची_बाई

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, परीक्षा चालू होत्या. समाजआरतीचं काल करून घेतलं. बाकीच्यांनी हरवलेली चप्पल, चोरीला गेलेला मोबाईल असं लिहिलं, चांगलं होतं, एकीने तर आईला दिंडीत वीणा का देत नाहीत असं लिहिलं, त्यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं.

नववीतल्या मुलाने दीड पान लिहिलं. त्या वर्षी वडील वारीला गेलेच नाहीत, पण गोष्टीत तो त्यांना मुक्कामावर घेऊन गेलाय. चोप वर जातो, सगळे थांबतात, बाबांचा टाळ वाजत राहतो. चोपदार येऊन म्हणतात, बोला माउली. आणि बाबा बोलतच नाहीत, नुसता टाळ वाजवत राहतात. तिथे त्याने पान माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, बाई, पुढे काय लिहू? मी म्हटलं मलाही माहीत नाही रे, राहू दे आत्ता.

आता विचारायचं हे की पुढच्या महिन्यात पालकांसमोर वाचन ठेवलंय आणि त्याला हे वाचायचंय. वडील समोर बसलेले असतील. आधी त्यांना एकट्यांना दाखवू का, की मुलाच्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकू दे?