कुरडयांपुरतं ऊन

ग्राहकाच्या वेबसाइटवरची मूल्यं वाचून तीच भाषा आपल्या प्रेझेंटेशनमध्ये वापरायची, हा विक्रेत्यांना दिला जाणारा सल्ला मोठ्या कंपन्यांपुरता ठीक आहे. ज्यांची वेबसाइटच नसते त्यांचं काय? मी गृहनिर्माण सोसायट्यांना गच्चीवरचे सोलर पॅनल विकतो. सुरुवातीला पर्यावरण, कार्बन वगैरे सगळं सांगून झालं. लोक माना डोलवायचे, चहा पाजायचे, नंतर फोन नाही. मग आकड्यांवर आलो: केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी, किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान. खजिनदार खूश, पण ठराव काही होईना.

डोंबिवलीच्या एका सोसायटीत सभा संपल्यावर शेवटच्या मजल्यावरच्या काकू मला गच्चीवर घेऊन गेल्या. "एप्रिलमध्ये इथे आमच्या कुरडया वाळतात. आणि हा कोपरा बघा, मागच्या पावसात माझ्या बेडरूममध्ये गळत होता." पुढच्या वेळी प्रेझेंटेशनच्या पहिल्याच पानावर तेवढंच घातलं: पॅनलचा ढाचा 8 फूट उंच, दक्षिणेकडची पट्टी उन्हासाठी मोकळी, आणि स्लॅबला एकही भोक न पाडता सगळं सिमेंटच्या ठोकळ्यांवर. खर्च वाढला (उंच ढाच्याला लोखंड जास्त, वाऱ्यासाठी ठोकळेही जड), बचतीचा तक्ता चौथ्या पानावर गेला. त्यावर कुणी ब्रसुद्धा काढला नाही. ठरावाला अनुमोदक म्हणून काकूंचंच नाव आहे.