गच्चीवरच्या पालकाने म्हणे क्रांती होणार

भडंगवाला: काल इथे एकाने लिहिलं की गच्चीवर भाजी लावणं म्हणजे बाजाराविरुद्ध बंड, अन्नस्वराज्य वगैरे. अहो बी पाकिटातलं हायब्रीड, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ऑनलाइन मागवलेलं, पाणी टँकरचं आणि स्वराज्य कसलं? न्यूयॉर्कमध्ये १९७३ ला लिझ क्रिस्टी नावाची तिथली रहिवासी आणि मंडळी पडीक प्लॉटमध्ये घुसली, कचरा उपसून बाग केली, ते राजकारण. कारण भांडण जागेचं होतं. १९९९ ला महापौर जुलियानी अशा शंभरावर बागा लिलावात काढायला निघाले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडे महापालिकेकडे मोकळा प्लॉट कोण मागतंय?

माठाची भाजी: ते मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाज वाटली का? सोव्हिएत युनियन कोसळल्यावर क्यूबाला तिथून येणारा माल बंद झाला, राजधानी हवानात डिझेल नाही, खत नाही, तेव्हा लोकांनी मोकळ्या जागांत वाफे घातलेच ना.

भडंगवाला: आणि जमीन वापरायला दिली सरकारने! तरी क्यूबा आजही बरंचसं धान्य बाहेरूनच आणतो.

लोकलकर: इतक्या लांब कशाला जाता, रुळांच्या कडेचा पालक आठवा. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेत (रुळांलगतची जागा भाजी पिकवायला द्यायचे ती) जागा कर्मचाऱ्याच्या नावावर असायची, राबायचा यूपीचा भय्या, पाणी नाल्याचं. माझे काका रेल्वेत होते, ते स्वतः ती भाजी घरात येऊ द्यायचे नाहीत.

माठाची भाजी: म्हणूनच घरी लावा म्हणतेय!!

तिसरा मजला: घरी लावा, पण आमच्या डोक्यावर नको. वरच्या काकूंच्या वांग्यांपायी आमच्या बेडरूमला ओल आलीय, सेक्रेटरी म्हणतो वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. का म्हणून? वांगी सगळ्यांना वाटली का?

कडीपत्ता: आमच्याकडे सेम. कुंड्यांखाली विटा ठेवा सांगितलं तर म्हणे पर्यावरणाचे शत्रू.

माठाची भाजी: स्लॅब बिल्डरने भिकार घातलाय आणि दोष वांग्यांना. आम्ही अकरा घरांचा ओला कचरा गच्चीवर जिरवतो, ते कुणाला दिसत नाही.

तिसरा मजला: दिसत नाही, वास येतो.

भडंगवाला: मुद्दा जागेचा होता, तुम्ही स्लॅबवर गेलात. बरं, अकरा घरं एकत्र आली हे मान्य, सोसायटीच्या मीटिंगला कोरमसुद्धा होत नाही त्या मानाने हे बंडच. आता तेच अकरा जण घेऊन वॉर्ड ऑफिसात जा आणि गार्डनसाठी आरक्षित प्लॉटवर पार्किंग कुणाचं ते विचारा.

माठाची भाजी: तुम्ही येताय?

भडंगवाला: सोमवारी ऑफिस असतं हो.

तिसरा मजला: आणि माझ्या भिंतीचं काय?