बोझमनजवळचा रँच: घेताना काय बघायचं?

इंदूरहून विचारतोय. भाचा अमेरिकेत, मोंटाना राज्यात बोझमनला, विद्यापीठाच्या गावात. डोंगराजवळचा रँच, म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान, विकाऊ आहे, चौघांत घेऊ म्हणतो. आमचा अनुभव सिमरोलच्या चार म्हशींचा!

— काका, मालकीची जमीन किती, सरकारी चराईच्या भाड्याची किती, ते वेगळं विचारा. जाहिरातीत बरेचदा दोन्ही मिळून आकडा फुगवतात.

— आणि पाणी! तिकडे ज्याचा हक्क जुना त्याला आधी. ओढा आपल्या रानातून वाहतो म्हणून आपला होत नाही. हक्काची तारीख बघा.

— अहो, पटलं. वडिलांनी घेतलेल्या रानात विहीर अर्धीच आमची निघाली. मे महिन्यात शेजाऱ्याची मोटर ऐकत बसायचो.

— हिवाळ्याचा चाराही विचारा. बर्फात चरणार काय? उन्हाळ्यात वाळवलेलं गवत.

— भाच्याला उठवतोच आता.